झिजलेला भाग शोधा: नळ, पंखा, मिक्सर, कुकर आणि दार घरीच दुरुस्त करताना

घरातली वस्तू ‘बिघडली’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ती सगळी बिघडलेली नसते. तिच्यातला एक स्वस्त भाग झिजलेला असतो. नळात तो रबरी वायसर असतो, कुकरमध्ये रिंग, मिक्सरमध्ये कपलर (मोटरची फिरकी पात्याला देणारी दातेरी चकती), पंख्यात कंडेन्सर (मोटरला फिरायला मदत करणारी छोटी डबी). यातले कितीतरी भाग मुद्दाम मऊ ठेवलेले असतात, म्हणजे झीज त्यांची होते आणि पितळ, मोटर किंवा भांडं वाचतं. तो भाग वेळेवर बदलला तर वस्तू वर्षानुवर्षं चालते. नाही बदलला तर झीज पुढच्या, महागड्या भागात उतरते.

म्हणून दुरुस्तीचा क्रम ठरलेला ठेवा. आधी नेमकं कुठे बिघडलंय ते पाहायचं, मग उघडायचं, जुना भाग काढून पिशवीत घालायचा आणि तोच दुकानदाराच्या काउंटरवर ठेवून ‘अस्साच द्या’ म्हणायचं. मापं, आटे, दात तोंडी सांगून जमत नाही. उघडताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. कोणती चकती वर होती आणि कोणती खाली, हे अर्ध्या तासात विसरायला होतं.

हत्यारं फार लागत नाहीत: दहा इंची स्क्रू पाना, पक्कड, एक चपटा आणि एक स्टार स्क्रू ड्रायव्हर, लाइन टेस्टर, टेफ्लॉन टेप, इन्सुलेशन टेप, जुना टूथब्रश आणि पांढरं व्हिनेगर. टेस्टर बरा घ्या, आणि वापरण्याआधी दर वेळी चालू सॉकेटवर लावून तो पेटतो ना हे बघा. बंद पडलेला टेस्टर ‘करंट नाही’ असंच सांगणार.

गळका नळ

पाणी तीन ठिकाणांहून गळू शकतं आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडत असतील तर वायसर गेला. नळ चालू केल्यावर मुठीखालून पाणी झिरपत असेल तर स्पिंडलभोवतीचं (मुठीबरोबर फिरणाऱ्या दांड्याभोवतीचं) पॅकिंग किंवा ओ-रिंग, म्हणजे बारीक रबरी कडी, गेली. नळ जिथे भिंतीत शिरतो तिथे ओल दिसत असेल तर आट्यांवरची टेप सुटली. गळती किती आहे याचा अंदाज हवा असेल तर थेंबांखाली एक तास पेला ठेवा, पाणी मोजा आणि २४ ने गुणा. आकडा बघून रविवारची वाट बघवत नाही.

जुन्या पद्धतीचा, म्हणजे तीन-चार फेरे फिरवून बंद होणारा पितळी नळ असेल तर वायसर बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे.

१. पाणी बंद करा. फ्लॅटमध्ये बाथरूमच्या माळ्याजवळ किंवा गिझरच्या वर गेट व्हॉल्व्ह असतो. तो वर्षानुवर्षं हललेला नसेल तर जोर लावू नका. पाव फेरा पुढे, जरा मागे, असं करत सोडवा, नाहीतर आतली दांडीच तुटते. व्हॉल्व्ह गच्चीवर असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगा, कारण त्यांचंही पाणी जाणार.

२. नळ उघडा ठेवून पाइपमधलं पाणी जाऊ द्या. दोन मिनिटांनंतरही धार चालूच असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीये. अशा वेळी नळ खोलायचा नाही. आधी व्हॉल्व्ह, नळ नंतर.

३. मुठीवरची टोपी नखाने किंवा चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उचला, खालचा स्क्रू काढा, मूठ वर ओढा. क्षारांमुळे ती घट्ट बसली असेल तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं गुंडाळून ठेवा. हातोडी मारू नका.

४. खाली षटकोनी नट दिसेल. क्रोम खरवडू नये म्हणून त्याला फडकं गुंडाळा आणि स्क्रू पान्याने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. या वेळी दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरा. हे राहिलं तर अख्खा नळच भिंतीतून फिरतो आणि भिंतीतला जोड ढिला होतो. घरच्या दुरुस्तीतली सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

५. स्पिंडल बाहेर आला की त्याच्या खालच्या टोकाला पितळी चकती आणि तिच्यावर वायसर दिसेल. कधी ही चकती नळाच्या आतच राहते, ती पकडीने उचलून घ्या. वायसरवर गोल खळगा पडला असेल, कडा फाटली असेल किंवा रबर दगडासारखं झालं असेल तर तो बदला. घरचे नळ बहुतेक अर्ध्या इंची असतात, तरी जुना वायसर सोबत न्याच. चार-पाच आणून ठेवा, किरकोळ किमतीचे असतात.

६. नवा घालण्याआधी नळाच्या आत बोट घाला. वायसर ज्या गोल पितळी कडेवर टेकतो, ती कड गुळगुळीत लागली पाहिजे. बोटाला खाच लागली तर नवा वायसर महिनाभरात कापला जाईल. ही कड घासून सपाट करण्याचं हत्यार प्लंबरकडे असतं. नळ साधा असेल तर नवा घेणंच परवडतं.

७. उलट क्रमाने जोडा. नट बसवताना स्पिंडल थोडा उघड्या स्थितीत ठेवा, नाहीतर वायसर कडेवर दाबून चिरडतो. मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडा.

नवा वायसर बसवल्यावर नळ बोटांच्या जोराने बंद झाला पाहिजे. सवयीने आवळून बंद केला तर त्याच खळग्याची सुरुवात पुन्हा झाली. घरातल्या सगळ्यांना हे एकदा सांगावं लागतं.

मुठीखालून गळणाऱ्या नळात स्पिंडलभोवतीचा छोटा नट आधी पाव फेरा आवळून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यावर थांबतं. नाही थांबलं तर तो नट काढून आतला जुना दोरा टोकदार वस्तूने उचकटा, टेफ्लॉन टेप दोरीसारखी पिळून स्पिंडलभोवती चार-पाच वेढे द्या आणि नट पुन्हा बसवा. मूठ फिरवायला जड झाली तर जास्त आवळलंय.

आता पाव फेऱ्यात उघडणारे नळ सर्रास असतात. त्यांच्यात वायसर नसतो, एकमेकींवर सरकणाऱ्या दोन चिनी मातीच्या चकत्या असतात. त्या सहसा झिजत नाहीत, पण टाकी धुतल्यावर किंवा पाइपलाइनचं काम झाल्यावर येणारी वाळू त्यांच्यावर ओरखडे पाडते. म्हणून टाकी धुतल्यानंतर नळाच्या तोंडाची जाळी काढून पाणी दोन-तीन मिनिटं मोकळं सोडा आणि मगच जाळी लावा. चकत्या गेल्या असतील तर पूर्ण कार्ट्रिज, म्हणजे चकत्या बसवलेला आतला अख्खा नग, बदलावं लागतं. इथे जुना नग नेणं अगदी गरजेचं, कारण मूठ बसते त्या टोकावरच्या दातांची संख्या वेगवेगळी असते आणि उजवीकडे व डावीकडे उघडणारी कार्ट्रिजं निराळी असतात. एक दात चुकला तर मूठ बसत नाही.

धार बारीक झाली असेल तर नळाला दोष देण्याआधी तीच जाळी पाहा. बोअरच्या जड पाण्यावर ती काही महिन्यांत पांढऱ्या थराने बुजते. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून सकाळी टूथब्रशने घासली की धार परत येते.

भिंतीजवळच्या ओलीसाठी नळ काढून जुनी टेप पूर्ण खरवडा. नळाचे आटे आपल्याकडे तोंड करून धरा आणि टेप घड्याळाच्या दिशेने, ताणून, दहा-बारा वेढे गुंडाळा. उलट दिशेने गुंडाळलेली टेप नळ आवळताना उलगडत बाहेर येते. नळ शेवटी तिरका थांबला तर मागे फिरवून सरळ करू नका, तिथूनच गळेल. काढा, दोन-तीन वेढे कमी-जास्त करा आणि पुन्हा बसवा. प्लास्टिकच्या फिटिंगमध्ये सुतळी आणि सफेदा कोंबण्याची जुनी पद्धत टाळा. ती लोखंडी पाइपांसाठी होती, प्लास्टिक त्या दाबाने उभं चिरतं.

फ्लशच्या टाकीतून कमोडमध्ये सतत पाणी झरत असेल तर झाकण उघडून पाण्याची पातळी पाहा. पाणी आतल्या उभ्या ओव्हरफ्लो नळीवरून सांडत असेल तर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा फुगा) खाली आणा, पातळी नळीच्या तोंडापासून दोन-अडीच सेंटिमीटर खाली राहायला हवी. पातळी बरोबर असेल तर टाकीत चिमूटभर खायचा रंग टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. रंग कमोडमध्ये उतरला म्हणजे तळाचं रबरी सील गेलं. ते काढून धुवून उलटं बसवता येत असेल तर तसं, नाहीतर नवं.

मंद झालेला पंखा

पंखा पूर्ण वेगावरही सुस्त फिरतो, किंवा नुसता गुंगुं करतो आणि सुरूच होत नाही. पहिला संशय कंडेन्सरवर घ्यायचा, पण खात्री करून. आधी रेग्युलेटर पूर्ण वर ठेवा. मग मेन बोर्डवरचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडा आणि पातं हाताने फिरवा. ते सहज काही फेरे फिरून थांबलं तर बेअरिंग ठीक आहे. अडकत, करकर करत थांबलं तर बेअरिंग गेलंय आणि ते दुकानाचं काम. संध्याकाळीच मंद फिरतो आणि पहाटे जोरात, असं असेल तर व्होल्टेज कमी पडतंय, पंख्याला हात लावायचं कारण नाही.

नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून पंखा उघडू नका. अनेक घरांत वायरिंग करताना बटण करंटच्या वायरीऐवजी न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर, बसवलेलं असतं, मग बटण बंद असूनही पंख्यापर्यंत करंट पोचलेला असतो. एमसीबी पाडा, बटण दाबून पंखा चालत नाही हे पाहा, आणि वर गेल्यावर पुन्हा टेस्टर लावा. उभं राहायला घडीची शिडी किंवा दणकट टेबल घ्या, प्लास्टिकची खुर्ची नाही. खाली एक माणूस धरायला हवाच.

दांडीवर, मोटरच्या लगेच वर एक वाटी असते. तिचा स्क्रू ढिला करून ती वर सरकवा. आत वायरींचा जोड आणि एक पांढरी किंवा काळी डबी दिसेल, तोच कंडेन्सर. त्यावर २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट असं काहीसं छापलेलं असतं. घरच्या ४८ इंची, म्हणजे १२०० मिलिमीटरच्या पंख्यात बहुधा हाच आकडा येतो, तरी आपल्या पंख्यावरचाच वाचा. फोटो काढा. कंडेन्सरमध्ये करंट साठून राहिलेला असू शकतो, म्हणून त्याच्या उघड्या टोकांना बोट लावू नका. मूठ प्लास्टिकची असलेल्या स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा, कधी छोटी ठिणगी पडते.

नवा कंडेन्सर घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा. व्होल्टचा आकडा तोच किंवा जास्त चालतो. ‘मोठा टाकला की पंखा जोरात फिरेल’ हा सल्ला दुकानातही ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. मोठ्या कंडेन्सरने वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, तापतं आणि एका उन्हाळ्यात जळतं. कंडेन्सरच्या स्वतःच्या दोन वायरींत उलटसुलट नसतं, पण त्या मोटरच्या ज्या दोन टोकांना जोडल्या होत्या त्यांनाच जोडा. जोड बदलला तर पंखा उलटा फिरतो आणि खाली वाराच येत नाही. पंखा बसवल्यावर ‘फिरतोय पण वारा नाही’ अशी तक्रार आली तर कारण हेच. जोड घट्ट करा, इन्सुलेशन टेप गुंडाळा, वाटी खाली आणून स्क्रू आवळा.

वर चढलाच आहात तर आणखी एक गोष्ट पाहून घ्या. दांडी मोटरला आणि वरच्या हुकाला ज्या बोल्टने जोडलेली असते, त्या बोल्टच्या टोकाला एक फाट्याची पिन असते. तिचे दोन्ही पाय वाकवलेले असले पाहिजेत. पिन नसेल किंवा सरळ असेल तर नट थरथरीने हळूहळू सुटत जातो. पंखा खाली पडण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि पिनेची किंमत नगण्य आहे.

पंखा डुलत असेल तर पात्यांचे सगळे स्क्रू आवळा आणि पात्यांवरची धूळ पुसा, फक्त खालून नाही, वरूनही. मग छतापासून प्रत्येक पात्याच्या टोकाचं अंतर पट्टीने मोजा, पातं फिरवून दर वेळी एकाच जागी आणून. एखादं पातं उरलेल्यांपेक्षा स्पष्ट खाली किंवा वर असेल तर ते वाकलंय. पाती संचाने जुळवलेली असतात, म्हणून दुसऱ्या पंख्याचं एकच पातं काढून इथे लावू नका.

हे सगळं साध्या पंख्याबद्दल. रिमोटवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्यात मोटर चालवायला इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, तिथे कंडेन्सर बदलून वेग परत येत नाही.

मिक्सर

मिक्सर अचानक पूर्ण बंद पडला तर तो उलटा करा. तळाशी एक छोटं लाल किंवा काळं बटण असतं. मोटरवर भार जास्त आला की ते स्वतःहून बाहेर येतं. प्लग काढून ठेवा, दहा मिनिटं थंड होऊ द्या, बटण दाबा. इडलीचं घट्ट पीठ किंवा सुकं खोबरं भांडं भरून घातलं की हे होतं. पुढच्या वेळी निम्मं घ्या आणि मध्ये-मध्ये थांबा. बटण वारंवार उडत असेल तर ते दाबत राहू नका, मोटर काहीतरी सांगतेय.

मोटर फिरतेय, आवाज येतोय, पण पातं फिरत नाही आणि रबर जळाल्याचा वास येतोय, तर कपलर गेला. दोन कपलर असतात: एक मशीनवर, एक भांड्याच्या तळाला. ज्याचे दात गोल झालेत किंवा ज्याच्याभोवती काळी भुकटी पडलीय, तो बदलायचा. एकाच भांड्याला त्रास असेल तर भांड्याचा, सगळ्या भांड्यांना असेल तर मशीनचा.

मशीनवरचा कपलर काढताना बहुतेक लोक चुकीच्या दिशेने जोर लावतात आणि तो तुटतो. नियम लक्षात ठेवा: मोटर ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेला कपलर फिरवला की सुटतो. चालताना पडणाऱ्या भाराने तो आणखी आवळला जावा, म्हणून आटे तसे पाडलेले असतात. मोटरची दिशा कळत नसेल तर भांड्याचं पातं बघा. धारेची कड पुढे ठेवून पातं ज्या दिशेने फिरेल, तीच दिशा.

प्लग काढा, मिक्सर आडवा करा, तळाचे स्क्रू काढून तळपट्टी बाजूला करा. मोटरच्या दांड्याचं खालचं टोक दिसेल. त्यात खाच असेल तर चपटा स्क्रू ड्रायव्हर घाला, नसेल तर दांडा पकडीने धरा. मोटर थंड ठेवणारा प्लास्टिकचा पंखा धरू नका, तो लगेच मोडतो. वरून कपलर फडक्याने पकडून फिरवा. काढल्यावर खालच्या चकत्यांचा क्रम नोंदवा आणि नवा कपलर हाताने घट्ट होईपर्यंतच बसवा. उरलेलं मोटर करते.

भांड्याचा कपलर काढताना पातं जाड फडक्यात धरा, बोटं कापतात. भांड्याच्या तळातून पाणी किंवा काळं तेलकट पाणी गळत असेल तर कपलर नव्हे, पात्याच्या दांड्याभोवतीचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) आणि सील झिजलंय. बुश प्रेसने दाबून बसवावा लागतो, त्यामुळे भांडं दुकानात द्या. पण द्या लवकर. हे पाणी मोटरवर उतरलं की खर्च अनेक पटींनी वाढतो.

मशीनच्या फटीतून किंवा मोटरच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसत असतील तर कार्बन ब्रश (फिरत्या मोटरला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) संपत आलेत. काही मिक्सरमध्ये ते बाजूच्या टोपीखाली सहज निघतात. कार्बन पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उरला असेल तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एकच बदलला तर दाब सारखा राहत नाही. नवे घातल्यावर पहिले काही मिनिटं भांडं रिकामं ठेवून कमी वेगावर चालवा, म्हणजे कार्बनला मोटरची गोलाई येते.

कुकर

शिट्टी होत नाही, कडेने वाफ सुटते, पाणी ओघळतं: रिंग ताठ झाली. ती दुमडून पाहा. दुमडल्यावर भेगा दिसल्या किंवा सोडल्यावर परत गोल आली नाही तर नवी आणा. फ्रीजरमध्ये ठेवून रिंग दोन-चार दिवस चालवता येते, पण ती नवी आणेपर्यंतची सोय आहे. रिंग कंपनी आणि लिटर बघून घ्या. पाच लिटरच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या रिंगा एकमेकींना चालतीलच असं नाही. आतून बंद होणाऱ्या आणि बाहेरून बंद होणाऱ्या झाकणांच्या रिंगा तर पूर्ण निराळ्या. कुकर आणि त्याचे भाग आयएसआय चिन्हाचे घ्या, प्रेशर कुकरचं भारतीय मानक आयएस २३४७ आहे.

नव्या रिंगनेही वाफ सुटत असेल तर झाकण सपाट ओट्यावर कड खाली टेकवून ठेवा. कुठे उचललेलं दिसलं तर ते पडून वाकलंय. हातोडीने सरळ करायच्या फंदात पडू नका.

दर वेळी झाकण लावण्याआधी वजनाखालची नळी उजेडाकडे धरून आरपार पाहा. डाळीचं साल, तांदळाचा दाणा तिथे अडकतो. सुईने काढा आणि नळाखाली धरा. ही नळी बुजली की सगळा भार सेफ्टी व्हॉल्व्हवर येतो.

सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर तो बदलण्याआधी का उडाला ते शोधा. कारणं बहुधा दोनच: पाणी कमी पडून कुकर कोरडा झाला, किंवा नळी बुजली. व्हॉल्व्हच्या मधला धातू ठरावीक तापमानाला वितळतो, म्हणजे कुकर फुटण्याआधी वाफेला वाट मिळते. त्या भोकात कणीक, चिंच, कापड, एम-सील काहीही भरू नका. एका दिवसाच्या स्वयंपाकासाठीसुद्धा नाही. त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह आणा, जुन्याच्या जागी हाताने बसवा आणि पान्याने हलकेच आवळा.

कुठलीही दुरुस्ती झाली की आधी नुसत्या पाण्यावर चाचणी घ्या. दोन-अडीच कप पाणी घालून मध्यम आचेवर ठेवा. कडेने थेंब न येता, हँडल न हलता शिट्टी झाली, की मग डाळ-तांदूळ. भात किंवा डाळ अर्ध्या कुकरपेक्षा जास्त भरू नका, फेस नळीत चढतो.

शेगडीचा बर्नर सुईने साफ करणं ठीक, पण सिलिंडरचा रेग्युलेटर आणि गॅसची नळी यांची दुरुस्ती होत नाही, त्या बदलायच्याच असतात. सुरक्षा होज पाच वर्षांनी बदला, तारीख नळीवरच छापलेली असते. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे आले तर गॅस बंद करा, खिडक्या उघडा, बटणांना हात लावू नका आणि घराबाहेर जाऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. गिझर आणि मायक्रोवेव्हही घरी उघडायच्या वस्तू नव्हेत. मायक्रोवेव्हच्या आतल्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा करंट राहतो. पंख्याच्या कंडेन्सरशी त्याची तुलनाच नाही.

घासणारं, लटकलेलं दार

दार दोन कारणांनी घासतं आणि उपाय उलटसुलट झाला तर दार वाया जातं. वर्षभर घासत असेल तर ते लटकलंय. फक्त पावसाळ्यात घासत असेल तर ते फुगलंय.

लटकलेलं दार ओळखायला ते अर्धं उघडून कडी धरा आणि वर उचला. वरच्या बिजागरीत हालचाल दिसली तर स्क्रूंची भोकं सैल झालीत. नुसते स्क्रू आवळले तर ते जागीच फिरत राहतात. दाराखाली घडी केलेली वर्तमानपत्रं किंवा लाकडी पाचर सारून दार मूळ उंचीवर आणा. वरच्या बिजागरीचा एकच स्क्रू काढा. टोकाचा गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासून भरा, वर आलेली टोकं कापा, रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी तोच स्क्रू, किंवा अर्धा इंच लांब, सरळ आत घाला. मग दुसरा. सगळे एकदम काढले तर दार अंगावर येतं. चौकट वाळवीने पोकळ झाली असेल, स्क्रू ड्रायव्हर आत सहज रुतत असेल, तर काड्यांनी काही होणार नाही. तिथे सुतारच लागेल.

फुगलेल्या दाराला आषाढात रंधा मारू नका. ऑक्टोबरच्या उन्हानंतर लाकूड आपोआप आखडतं आणि मग फट दिसू लागते. तोवर नेमकं कुठे घासतंय ते शोधा: चौकटीला खडू फासून दार बंद करा, दाराच्या कडेवर खडू उमटेल तीच जागा. तिथे मेणबत्ती किंवा साबणाची कोरडी वडी घासली की पावसाळा निघतो. कडी जुळत नसेल तर दार नव्हे, चौकटीवरच्या पट्टीचं भोक कानसीने एक-दोन मिलिमीटर वाढवा.

दिवाळीनंतरही घासत राहिलं तर खडूच्या खुणेपुरतं ऐंशी नंबरच्या सँडपेपरने तासा, दर दोन मिनिटांनी दार लावून पाहत. आणि तासलेल्या जागेबरोबर दाराची वरची व खालची कडही तपासा. तिथे रंग लावायला सुतार आणि रंगारी दोघंही विसरतात, आणि उघडं लाकूड ओल तिथूनच पितं. खालची कड रंगवायला दार उतरवावं लागतं. ते जमण्यासारखं नसेल तर जुन्या मोज्याचा तुकडा पट्टीच्या टोकाला बांधून, तो ऑइल पेंटमध्ये बुडवून, फटीतून रंगाचे दोन हात द्या.